मॉल का ओस पडतात आणि जुन्या बाजारइमारती का तगतात

प्रश्न असा आहे: शहर बदलतंय, एका पिढीपूर्वी थाटात उघडलेले मॉल कुलपं लावून पडलेत, आणि त्याहून कितीतरी जुने, काचेच्या छताखालचे बाजार मात्र अजून चालू आहेत. हे असं का होतं? बंद मॉलचं पाडण्याखेरीज दुसरं काही करता येतं का? आणि त्यात खरोखर जपण्यासारखं काही असतं का, की आपल्या आठवणी त्यात गुंतल्यामुळे तसं वाटतं?

जुन्या व्यापारी इमारती तपासणं आणि त्यांना नवा वापर मिळवून देणं हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगतो. मॉल इमारत म्हणून मोडकळीला येतो त्याच्या बऱ्याच आधी तो व्यवहार म्हणून मोडलेला असतो. छत गळणं, फरशा उखडणं, बुरशी चढणं हे सगळं नंतरचं. सुरुवात कागदावर झालेली असते.

मॉलच्या टोकांना जी अवाढव्य दुकानं असतात त्यांना या धंद्यात अँकर म्हणतात. लोक त्यांच्यासाठी येतात, म्हणून त्यांना भाडं अगदी कमी लावतात. अनेकदा तर आपापल्या इमारतीचे आणि तिच्याखालच्या जमिनीचे मालक तेच असतात. मॉलच्या मालकाचं खरं उत्पन्न येतं मधल्या ओळीतल्या छोट्या गाळ्यांमधून. चौरस फुटाच्या हिशेबाने हे गाळेधारक अँकरच्या कित्येक पट भाडं भरतात, कारण एका अँकरकडून दुसऱ्याकडे जाणारी गर्दी त्यांच्या दारावरून जाते. ही गर्दी उद्या आटली तर काय, याची तजवीज त्यांनी भाडेकरारात करून ठेवलेली असते. अमुक अँकर बंद झाला, किंवा भरलेल्या गाळ्यांचं प्रमाण ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेलं, की भाडं आपोआप उतरतं. ठरावीक महिन्यांत ती जागा भरली नाही तर करार मोडून जाण्याची मुभा मिळते. त्यामुळे एक अँकर गेला की त्या एका दुकानाचं भाडं बुडतं एवढ्यावर भागत नाही. दहा-वीस गाळ्यांची भाडी एकदम खाली येतात, त्यातले काही गाळे रिकामे होतात, मग दुसऱ्या अँकरला तिथे राहण्यात अर्थ वाटत नाही. अमेरिकेत सीअर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि जेसी पेनीने मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. या दोन साखळ्या शेकडो मॉलमध्ये टोकाला बसलेल्या होत्या. अनेक ठिकाणी तर एकाच मॉलच्या दोन टोकांना याच दोघी होत्या.

त्यात सामाईक खर्चाची भर पडते. वातानुकूलन, सफाई, पहारा, पार्किंगचे दिवे हा खर्च सगळ्यांत वाटलेला असतो. निम्मे गाळे रिकामे झाले म्हणून निम्म्या मॉलचं वातानुकूलन बंद करता येत नाही, कारण हवेचे डक्ट तसे विभागलेलेच नसतात. डोक्यावर कर्ज असलेला मालक मग खर्चाला कात्री लावतो, आणि ती सगळ्यात आधी लागते छताच्या दुरुस्तीला. दिवा बंद पडला तर गिऱ्हाइकाला दिसतो, वॉटरप्रूफिंगचं आयुष्य संपलेलं कोणाला दिसत नाही. रिकाम्या मॉलची कागदपत्रं हातात आली की मी शेवटचा अँकर कधी गेला आणि छतावरचं शेवटचं मोठं काम कधी झालं, या दोन तारखा आधी शोधतो. पुढच्या तपासणीत काय सापडेल याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

ऑनलाइन खरेदीने मॉल मारले असं सर्रास म्हटलं जातं. तिने धक्का दिला हे खरं, पण रोग जुना आहे. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा नमुना घालून दिला तो साउथडेलने. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एडायना इथे ऑक्टोबर १९५६ मध्ये तो उघडला. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन. जन्म व्हिएन्नाचा, १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आलेला माणूस. मोटारींच्या मागे पसरत चाललेल्या उपनगरांना एक चौक, भेटीगाठींची एक जागा मिळावी, ही त्याची तळमळ होती. साउथडेलच्या मधल्या उजेडी चौकात बाहेर बर्फ पडत असतानाही झाडं हिरवी राहत. त्याच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि तळंही होतं. तो आराखडा जसा मांडला होता तसा उभा राहिला नाही. उभा राहिला तो मॉल आणि त्याच्याभोवती गाड्यांचं मैदान, आणि नक्कल झाली तीही तेवढ्याचीच. शेवटी ग्रुएन व्हिएन्नाला परतला, आणि १९७६ मध्ये त्याच शहराच्या कडेला दुसऱ्यांनी बांधलेला एक प्रचंड मॉल उघडला. १९७८ मध्ये त्याने जाहीरपणे या सगळ्या अपत्यांचं पितृत्व नाकारलं. त्याच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे की त्याचं निदान अचूक होतं. औषधातला स्वस्त भाग तेवढा उचलला गेला.

नक्कल इतक्या झपाट्याने होण्यामागे करांचा कायदा होता, आणि याकडे वास्तुकलेची माणसं फार कमी पाहतात. १९५४ मध्ये अमेरिकेने नव्या इमारतींवरचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणात खर्ची टाकायची सवलत दिली. शहराच्या कडेला स्वस्त जमीन घ्यायची, मॉल बांधायचा, घसारा दाखवून कर वाचवायचा, सवलतीचा रस संपला की इमारत विकून पुढचा मॉल बांधायचा, असं चक्र सुरू झालं. जुनी इमारत राखण्यापेक्षा नवी बांधणं फायद्याचं ठरलं. १९८६ च्या करसुधारणेत अशा इमारतींच्या घसाऱ्याची मुदत साडेएकतीस वर्षं झाली, पण तोवर गिऱ्हाइकांच्या मानाने दुकानांची जागा कितीतरी जास्त होऊन बसली होती. त्यामुळे नवा मॉल पुष्कळदा जुन्याचीच गिऱ्हाइकं ओढून उभा राहिला. ओहायोतला रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मॉलपैकी एक म्हणून त्याचा डंका पिटला गेला होता. २००९ मध्ये तो बंद झाला आणि २०१४ मध्ये पाडायला घेतला. फोनवरून खरेदी सार्वत्रिक व्हायच्या आधीच त्याला उतरती कळा लागली होती.

इमारत मोठी म्हणून गर्दी येत नाही, याचा सगळ्यात ढळढळीत दाखला चीनमधला. डोंगगुआनचा न्यू साउथ चायना मॉल २००५ मध्ये उघडला. भाड्याने देण्याजोगी जागा सुमारे ६ लाख ६० हजार चौरस मीटर, दोन हजारांवर गाळ्यांची सोय, आत कालवा आणि नौका. दहा वर्षं तो जवळजवळ रिकामा होता. गाव मुख्यतः कारखान्यांत राबणाऱ्या, बाहेरून आलेल्या कामगारांचं. वाहतुकीने तो शहराशी नीट जोडलेला नव्हता. इथे काही मेलं नव्हतं, ते कधी जगलंच नव्हतं. पुढे भोवती वस्ती वाढली, वाहतूक सुधारली, आणि त्याचा बराच भाग भरला.

आता जुन्या बाजारइमारतींकडे वळतो, कारण मूळ कुतूहल तिथलं आहे.

पासाज, आर्केड, गॅलेरिया ही काचेच्या छताखालच्या अशा बाजारांचीच नावं. पॅरिसमधलं पासाज दे पानोरामा १८०० च्या सुमाराचं, लंडनचं बर्लिंग्टन आर्केड १८१९ चं. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचं आर्केड १८२८ चं, मिलानची गॅलेरिया विट्टोरियो एमानुएले १८६५ ते १८७७ या काळात बांधलेली, क्लीव्हलँडचं आर्केड १८९० चं. या सगळ्यांचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लगेच दिसते. यातली प्रत्येक इमारत ही एक वाट आहे. गॅलेरिया मिलानच्या कॅथेड्रलचा चौक आणि ला स्काला नाट्यगृहाचा चौक जोडते. प्रॉव्हिडन्सचं आर्केड दोन समांतर रस्त्यांच्या मधून आरपार जातं, क्लीव्हलँडचंही असंच दोन रस्ते जोडतं. काहीही घ्यायचं नसलेला माणूस रोज तिथून जातो, कारण तो जवळचा रस्ता आहे. दुकानं बदलली, दोन वर्षं अर्धी बंद राहिली, तरी पावलं थांबत नाहीत. मॉलमध्ये कोणी जाता जाता शिरत नाही. तिथे ठरवून जावं लागतं, बहुतेकदा गाडी काढून, आणि ठरवण्याचं कारण एकदा संपलं की तिथे जाणंही संपतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. एकोणिसाव्या शतकात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून वरून काच आणि बाजूने खिडक्या हा नाइलाज होता. तोच नाइलाज आज त्यांच्या कामी येतो आहे. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची, तिच्या साधारण दोन ते अडीचपट अंतरापर्यंत आत कामापुरता उजेड पोचतो, असा आमचा ढोबळ हिशेब असतो. खिडकीचा माथा तीन मीटरवर असेल तर सहा-सात मीटर. जुन्या आर्केडमधला गाळा खोलीला साधारण तेवढाच असतो. म्हणून तो आज दुकान, उद्या कचेरी, परवा घर होऊ शकतो. प्रॉव्हिडन्सचं आर्केड २००८ मध्ये बंद पडलं होतं. २०१३ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा खाली दुकानं होती आणि वरच्या दोन मजल्यांवरच्या जुन्या गाळ्यांची ४८ छोटी घरं झाली होती. क्लीव्हलँडच्या आर्केडचे वरचे मजले २००१ पासून हॉटेल आहेत. मॉलमधल्या अँकरच्या खोक्याची एक बाजू सत्तर-ऐंशी मीटर सहज असते आणि भिंतीला खिडकीच नसते. त्याच्या मधोमध घर करायचं म्हटलं तर आधी इमारतीला भोक पाडून अंगण काढावं लागतं.

तिसरी गोष्ट मालकीची. मिलानची गॅलेरिया नगरपालिकेच्या ताब्यात आहे आणि तिथल्या गाळ्यांचं भाडं पालिकेच्या तिजोरीत जातं. एकच मालक, तोही शहर सोडून न जाणारा. मॉलमध्ये अनेकदा एका छताखाली चार-पाच मालक सापडतात: मधला भाग एकाचा, प्रत्येक अँकर वेगळ्याचा, पार्किंगचा तुकडा आणखी कोणाचा. कोणी काय बांधायचं, कोणी काय बदलायचं यावर त्यांनी एकमेकांना जुन्या करारांनी बांधून ठेवलेलं असतं. एकाने नकार दिला की सगळं अडतं. रिकामा मॉल वर्षानुवर्षं तसाच का पडून राहतो, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

जुनं ते सगळं टिकतं असा मात्र याचा अर्थ नाही. एकट्या पॅरिसमध्ये अशी दीडशेच्या आसपास पासाज होती, आज वीस-पंचवीस उरली आहेत. आपण कौतुक करतो ती गाळून उरलेली आहेत.

आर्केड आणि मॉल यांच्या मधली पायरी म्हणजे जुनी बहुमजली डिपार्टमेंट स्टोअर. माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते या इमारतींत. शिकागोमध्ये लुई सलिव्हनने १८९९ ते १९०४ दरम्यान उभारलेल्या दुकानाला पोलादी सांगाडा आहे. भिंतींवर भार नाही, म्हणून खिडक्या रुंदच रुंद; आणि रस्त्यालगतच्या खालच्या दोन मजल्यांवर ओतीव लोखंडाची अशी वेलबुट्टी की दारात शिरणारा माणूस मान वर करतोच. जुनं दुकान २००७ मध्ये बंद झालं, २०१२ पासून तिथे टार्गेट या साखळीचं दुकान चालू आहे, वर कचेऱ्या आहेत. ब्रसेल्समध्ये व्हिक्टर ओर्ताने १९०६ मध्ये बांधलेलं कापडाचं घाऊक दुकान मालकाच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये बंद पडलं आणि मोडकळीला आलं. १९८९ मध्ये तिथे चित्रकथांचं संग्रहालय उघडलं. कापड निरखायला नैसर्गिक उजेड हवा म्हणून ठेवलेलं काचेचं छत आता संग्रहालयाच्या प्रवेशदालनावर आहे. पॅरिसचं ला समारितेन २००५ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद झालं ते थेट २०२१ मध्ये उघडलं. आता तिथे दुकानाबरोबर हॉटेल आहे, परवडणारी घरं आहेत, पाळणाघर आहे.

या इमारतींत एक धोका असतो आणि तो सौंदर्याच्या भरात विसरला जातो. मधला उघडा चौक आणि मोकळे जिने आगीत धुरांडं होतात. ब्रसेल्समधलंच ओर्ताचं दुसरं दुकान, आ लिनोव्हासियॉं, २२ मे १९६७ च्या आगीत गेलं. अडीचशेहून अधिक माणसं दगावली. म्हणून जुन्या दुकानाला नवा वापर देताना सजावटीच्या आधी धूर बाहेर काढायची सोय, आपोआप उतरणारे अग्निरोधक पडदे आणि बंदिस्त जिने यांचा आराखडा पक्का करावा लागतो. यात पैसे आणि जागा दोन्ही जातात. वारसा समितीला ते रुचत नाही, पण इथे तडजोड करू नये.

आता दुसरा प्रश्न, बंद मॉलचं काय करायचं. आधी पडीक इमारतीत नेमकं काय घडतं ते सांगतो, कारण निर्णयाला उशीर झाला की पर्याय कमी होतात, आणि तेही फार वेगाने.

मॉलचं छत सपाट आणि प्रचंड असतं. पाणी कडेला न जाता इमारतीच्या पोटातून गेलेल्या पाइपांनी खाली येतं. माणसांचा वावर थांबला की त्या पाइपांची तोंडं पाला-कचऱ्याने तुंबतात आणि पाणी साचतं. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो. पोलादी पत्र्याचं हलकं छत या वजनाने किंचित वाकतं, वाकलेल्या खोलगट जागी आणखी पाणी येतं, त्याने ते आणखी वाकतं. छतं कोसळण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे. वातानुकूलन बंद असल्याने आतला दमटपणा वाढतो. भिजलेल्या जिप्सम बोर्डावर दोन दिवसांतसुद्धा बुरशी धरू शकते. वीज तोडली की तळघरातले पंप थांबतात आणि आगीची सूचना देणारी यंत्रणाही. मग तांब्याच्या तारांसाठी चोऱ्या होतात, त्यात पाण्याचे पाइप तुटतात, आगी लागतात. १९७० च्या दशकाआधीच्या इमारतीत बीमवर फवारलेल्या अग्निरोधक लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते शाबूत असेपर्यंत धोका मर्यादित असतो, ओलीने सुटून पडायला लागलं की ते सगळ्या हवेत मिसळतं. परवानगीशिवाय अशा इमारतीत फोटो काढायला शिरणाऱ्यांना म्हणूनच मी कळकळीने विनवतो, जाऊ नका. पायाखालची फरशी धड दिसते, तिच्याखालचा पत्रा गंजलेला असतो.

छत गेलं की काय होतं ते बँकॉकच्या न्यू वर्ल्ड मॉलमध्ये साऱ्या जगाने पाहिलं. परवानगीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवलेला हा मॉल १९९७ मध्ये बंद झाला. १९९९ मध्ये आग लागली. वरचे मजले उतरवले गेले आणि उघड्या पडलेल्या इमारतीत पावसाचं पाणी साचून तळं झालं. डास झाले म्हणून आसपासच्या लोकांनी त्यात मासे सोडले. सरकत्या जिन्यांच्या मधून पोहणाऱ्या माशांची छायाचित्रं खूप गाजली. २०१५ मध्ये महापालिकेने हजारो मासे काढून पाणी उपसलं. तशीच अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हार्वी गावच्या डिक्सी स्क्वेअर मॉलची गत. १९६६ मध्ये उघडला, १९७८ मध्ये बंद झाला, पाडून पुरा झाला २०१२ मध्ये. जितकी वर्षं चालला त्याच्या दुपटीहून अधिक काळ तो पडून होता. तेवढ्या वर्षांत भोवतालच्या वस्तीवर काय परिणाम झाला असेल, याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

म्हणून मॉल बंद होताना पहिल्याच वर्षी करायची कामं मी आग्रहाने सांगतो: छताची निचऱ्याची तोंडं दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात साफ ठेवणं, पंप आणि आगीची यंत्रणा यांच्यापुरती वीज चालू ठेवणं, थोडी हवा खेळती ठेवणं, पहारा ठेवणं. याला लागणारा पैसा नंतरच्या दुरुस्तीपुढे किरकोळ असतो.

सांगाडा सांभाळला गेला तर मॉल नव्या वापराला बराच सोयीचा असतो. दुकानाचा मजला दर चौरस मीटरला साधारण चारशे किलो भार धरून बांधलेला असतो. घराला दोनशेच्या आसपास पुरतात, कचेरीला थोडे जास्त. खांब आठ-नऊ मीटरवर, मजल्यांची उंची ऐसपैस. वर्ग, दवाखाने, कचेऱ्या यात आरामात बसतात. पुस्तकांच्या दाट मांडणीचं ग्रंथालय मात्र सहज बसत नाही, त्याला सातशे किलो लागतात. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा हायलँड मॉल १९७१ चा. तो तिथल्या सार्वजनिक महाविद्यालयाने टप्प्याटप्प्याने विकत घेतला. मॉल पूर्ण बंद व्हायच्या आधीच, २०१४ मध्ये, जेसी पेनीच्या रिकाम्या दुकानात सहाशेहून अधिक संगणकांचं अभ्यासदालन सुरू झालं. मला हा सगळ्यात शहाणा प्रयोग वाटतो, कारण इमारत एक दिवसही पूर्ण ओस पडू दिली नाही आणि मालकी एका हातात आणली. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्स मॉलच्या वरच्या मजल्यावर २००९ पासून व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाचे दवाखाने चालतात, खाली दुकानं चालू राहिली. आजारी माणसाला दारापर्यंत गाडी आणता येणं, जिने न चढता सगळ्या तपासण्या एका मजल्यावर होणं, या मॉलच्या जुन्या सोयी दवाखान्याला तंतोतंत लागू पडतात. व्हर्माँट राज्यात बर्लिंग्टनची माध्यमिक शाळा प्रदूषणामुळे बंद करावी लागली तेव्हा मार्च २०२१ मध्ये ती मेसीज या साखळीच्या रिकाम्या दुकानात भरली. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जात. तात्पुरती सोय म्हणून उत्तम. पण खिडक्या नाहीत आणि अर्ध्या उंचीच्या भिंतींवरून शेजारच्या वर्गाचा आवाज येतो, ही कुरकुर तिथेही होतीच. उजेडाचा मुद्दा वर आला तो हाच.

घरांसाठी मात्र बहुतेक वेळा इमारतीपेक्षा तिच्याभोवतीची जमीन महत्त्वाची ठरते. दर शंभर चौरस मीटर दुकानामागे पाच गाड्या धरल्या आणि एका गाडीला ये-जा करण्याच्या जागेसकट तीस चौरस मीटर लागले, तर पार्किंग दुकानांच्या दीडपट होतं. हे डांबरी मैदान ही मॉलची खरी शिल्लक. डेन्व्हरजवळच्या लेकवुडमध्ये १९६६ चा व्हिला इटालिया मॉल २००१ मध्ये बंद झाल्यावर त्याची जमीन बावीस छोट्या तुकड्यांमध्ये वाटली गेली. मधून साधे रस्ते काढले, रस्त्यालगत दुकानं, वर घरं आणि कचेऱ्या. २००४ पासून बेलमार या नावाने ते उभं राहिलं. मॉल गेला, पण गावाला नसलेला मध्यवर्ती भाग मिळाला. ग्रुएनच्या कागदावर राहिलेल्या कल्पनेच्या हे बरंच जवळ जातं.

रँडल पार्कच्या आणि ॲक्रनच्या रोलिंग एकर्स मॉलच्या जागी ॲमेझॉनची गोदामं आली. महामार्ग शेजारी, जमीन सलग, त्यामुळे हा हिशेब जुळतो आणि गावाला करही मिळतो. तरीही आसपासच्या माणसाला पाय ठेवता येईल अशी एकही जागा त्यात उरत नाही. पर्याय नसेल तिथे हे मान्य करावं, पहिली पसंती म्हणून करू नये. पाडण्याची घाई करणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या पोर्टस्मथच्या ट्रायकॉर्न सेंटरचीही आठवण ठेवावी. १९६६ ची ती उघड्या काँक्रीटची बाजारइमारत लोकांना आवडत नव्हती, वाद झाले, २००४ मध्ये ती पाडली. त्यानंतर तिथे वर्षानुवर्षं फक्त गाड्या उभ्या राहिल्या. इमारत नावडती असणं आणि तिच्या जागी काय येणार हे ठरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचा प्रश्न जपण्याचा. मॉलच्या बाबतीत वारसा जपण्याचे नेहमीचे नियम तोकडे पडतात. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत इमारत यायला साधारणपणे पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ब्रिटनमध्ये ही अट सर्वसाधारणपणे तीस वर्षांची आहे, म्हणूनच मिल्टन कीन्सची १९७९ ची, वरून उजेड येणाऱ्या लांब आर्केडची बाजारइमारत २०१० मध्ये संरक्षित यादीत येऊ शकली. पण दुकानाचं अंतरंग दर आठ-दहा वर्षांनी बदलायची या धंद्याची रीतच आहे. पन्नास वर्षं भरेपर्यंत मूळ टेराझोची फरशी गालिच्याखाली गेलेली असते, कारंजं बुजवलेलं असतं, लाकडी कठडे जाऊन स्टील आलेलं असतं. सांगाडा जुना राहतो. जे लोकांच्या लक्षात आहे ते कचऱ्यात गेलेलं असतं. १९७० च्या दशकात आणि पुढच्या काही वर्षांत साइट या वास्तुरचनाकारांच्या गटाने बेस्ट प्रॉडक्ट्स या साखळीसाठी विलक्षण दुकानं बांधली. ह्यूस्टनमधल्या दुकानाची भिंत वरून ढासळल्यासारखी, विटांचा धबधबा खाली येतोय अशी रचलेली होती. साखळी बुडाली आणि त्यातली बहुतेक दुकानं पाडली गेली किंवा ओळखू येणार नाहीत इतकी सपाट केली गेली. व्हर्जिनियातलं एक उरलं, दर्शनी भिंत आणि इमारत यांच्या मधून झाडं वाढू दिलेलं. ते आज चर्च आहे. ते काम आता जवळजवळ फक्त छायाचित्रांत राहिलं आहे.

तेव्हा आठवणींमुळे वाटतं का, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर असं की आठवण हेही जपण्याचं खरं कारण असतं. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोमधल्या वूलवर्थ या साखळीच्या दुकानात वास्तुकला म्हणून थक्क व्हावं असं फार काही नव्हतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या तिथल्या उपाहाराच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. २०१० पासून ती इमारत नागरी हक्कांचं संग्रहालय आहे, काउंटर आपल्या मूळ जागी आहे. प्रत्येक मॉलमध्ये इतिहास घडलेला नसतो. पण एखाद्या गावात पावसात म्हाताऱ्यांना फिरायला, पोरांना पैसे न खर्चता बसायला दुसरी जागाच नसेल, तर त्या मॉलच्या मधल्या चौकाचं मोल त्याच्या फरशीवरून ठरत नाही.

सगळंच राखता येत नाही, तेव्हा नोंद तरी नीट करावी. पाडण्याआधी मालकाच्या परवानगीने एक दिवस मिळाला तर मी मधला चौक, जिने आणि छताचे झरोके मोजून घ्यायला सांगतो. मूळ फरशीचा, टाइल्सचा एकेक तुकडा, घड्याळ, पाट्या, दारांच्या मुठी काढून ठेवाव्यात. पाटी उतरवल्यावर भिंतीवर धूळ न बसलेल्या जागेत अक्षरांची छाया राहते, तिचेही फोटो घ्यावेत; कोणतं दुकान कुठे होतं याचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा असतो. जुने भाडेनकाशे व्यवस्थापनाच्या कपाटात सापडतात आणि तेच सगळ्यात आधी फेकले जातात. गाळेवाले, सफाई कामगार, पहारेकरी यांच्या मुलाखती घ्या. इमारत आतून कशी चालायची हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आणि तुमच्या शहरात बंद मॉलच्या पुनर्विकासाचा आराखडा हरकतींसाठी ठेवला असेल तर रंगीत चित्रांवर वेळ घालवू नका. आरपार जाणारी, रात्रीही उघडी राहणारी वाट कुठून कुठे जाते ते नकाशावर बोटाने दाखवायला सांगा. रस्त्यावर उघडणारी दारं किती, सगळ्यात खोल खोली खिडकीपासून किती मीटर, जमिनीचे मालक किती आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत का, हे विचारा. ताबा घेतल्यापासून काम सुरू होईपर्यंत छताची आणि पंपांची जबाबदारी कोणाची, आणि ती पाळली नाही तर दंड किती, हे परवानगीच्या अटींत लिहून घ्या.